फोर कोअरचा इतिहास लिहायला घेतलेल्या मुलीस

बेटा,

तू पाठवलेली पानं वाचली, सगळी वाचली, समासात पेन्सिलीनं लिहिलंय ते भेटल्यावर दाखवीनच. मेहनत दिसतेय. युनिव्हर्सिटीत जयकर लायब्ररीत बसून काढलेल्या नोंदी आहेत हे पहिल्या पानापासून कळतं, कुठंतरी वाचलं आणि उतरवलं असं नाहीये. आता सरळ मुद्द्यावर येतो. तू फोर कोअरचा, म्हणजे आपल्या लष्कराच्या चौथ्या कोअरचा, इतिहास लिहायला घेतलायस, त्यातली तीस पानं नुसत्या बासष्टच्या चीन युद्धाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची आहेत, त्यानंतर एक ओळ आहे, "यानंतर कोअरची पुनर्रचना करण्यात आली", आणि पान उलटलं की डायरेक्ट एकाहत्तर, बांगलादेशचं युद्ध. हे सगळं पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

कारण माझ्या मते तुझा विषयच त्या ओळीत आहे. जी कोअर बासष्टला जन्मल्यापासून दीड महिन्यात कोलमडली तीच कोअर नऊ वर्षांनी मेघना ओलांडून ढाक्याच्या दारात जाऊन उभी राहिली. नंबर तोच, खांद्यावरच्या चिन्हातला हत्ती तोच, मुख्यालय तेच तेजपूर. मग मधे झालं काय? माणसं बदलली का, रस्ते बदलले का, का विचार करायची पद्धत बदलली? पराभवावर लिहिलेलं ढीगभर आहे आणि विजयावर त्याहून जास्त, पण एकातून दुसरं कसं तयार झालं हे मराठीत सलग कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. ते तू करू शकतेस, तेवढी चिकाटी तुझ्यात आहे.

पण त्यासाठी पहिलं प्रकरण बदलावं लागेल. तू सुरुवात कोअरचे पहिले कमांडर जनरल कौल यांच्यापासून केलीयेस, आणि ती अशी केलीयेस की पहिल्या पानावरच वाचकाला खलनायक मिळतो आणि पुढची एकोणतीस पानं त्याला काही विचारच करावा लागत नाही. बी. एम. कौल यांच्याकडं लढाईत तुकडी चालवल्याचा अनुभव नव्हता, दिल्लीत वजन होतं, हे खरंय, ते लिहीच. पण त्याच्या आधी एक गोष्ट लिही, कोअर मुळात उभी का केली गेली.

तेव्हा नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाची, जबाबदारी शिलाँगच्या ३३ कोअरकडं होती, लेफ्टनंट जनरल उमराव सिंग कमांडर. ८ सप्टेंबर १९६२ ला चिनी थाग लाच्या धारेवरून खाली उतरले, आपलं ढोला ठाणं अडचणीत आलं, आणि वरून हुकूम निघाला की त्यांना हाकलून लावा. उमराव सिंगांनी जे विचारलं ते कुठल्याही शहाण्या कमांडरनं विचारलं असतं. रस्ता कुठं आहे, दारूगोळा किती लागेल, तोफा कशा चढवायच्या, थंडीचे कपडे कधी येणार, रेशन किती दिवसांचं साठवायचं. या प्रश्नांचं उत्तर म्हणून त्यांच्याकडून नेफाच काढून घेतला आणि ४ ऑक्टोबर १९६२ ला तेजपूरला नवी कोअर उभी केली, तिला महायुद्धातल्या इंफाळच्या ४ कोअरचा जुना नंबर दिला, आणि कौल मोजक्या अधिकाऱ्यांना घेऊन विमानानं तिथं पोचले. म्हणजे रसदीचा प्रश्न विचारणाऱ्याला बाजूला करायचं म्हणून ही कोअर जन्माला आली. हे मी कडक बोलतोय, पण तारखा शेजारी शेजारी मांडून बघ, दुसरा अर्थ निघत नाही.

तुझ्या वाचकाला कोअर म्हणजे काय हेही एकदा समजावून सांग, आपल्याकडं लोकांना पलटण कळते, रेजिमेंट कळते, पण कोअर म्हटलं की जनरल आणि झेंडा एवढंच डोळ्यापुढं येतं. साधारण दोन-तीन डिव्हिजन, प्रत्येकीत तीनेक ब्रिगेड, ब्रिगेडीत तीनेक पलटणी, हा झाला आकडा. खरं काम वेगळंच असतं. आपल्या पुण्यातून ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या जातात तेव्हा टाळ-मृदंग सगळ्यांना दिसतात, पण दिंडीच्या आधी पुढच्या मुक्कामावर पोचलेला पाण्याचा टँकर, तंबूचा ट्रक आणि शिधा कुणी बघत नाही, आणि तो नसेल तर दिंडी सासवडच्या पुढं जात नाही. कोअर हेडक्वार्टर म्हणजे ते काम. कुठल्या ब्रिगेडला कुठल्या तारखेला किती टन, कुठल्या रस्त्यानं, मधे रस्ता ढासळला तर कुठून, तोफखाना कुणाला, जखमी कसे खाली आणायचे. हे सगळं बसवायला शांततेच्या काळातही महिनोन्महिने जातात. इथं सोळा दिवसांत लढाई आली.

आणि खाली लढायला होतं कोण, तर ४ डिव्हिजन, तीही अपुरी. केरेन, कॅसिनो गाजवलेली डिव्हिजन, पण १९५९ च्या शेवटी अंबाल्याकडून उचलून तेजपूरला आणलेली, सगळं ट्रेनिंग मैदानातलं. तिची ७ ब्रिगेड, कमांडर ब्रिगेडियर जॉन दळवी, नामका चू नावाच्या एका ओढ्याच्या काठावर नेऊन बसवली. नकाशा उघडून बघ आणि हे स्वतः बघितल्याशिवाय त्यावर एक वाक्य लिहू नकोस. ओढा खाली, उत्तरेला थाग लाची धार वर, आणि त्या धारेवर चिनी. म्हणजे समोरचा वरून आपली प्रत्येक चूल मोजू शकतो अशी जागा. रस्ता जवळपास नाही, सगळं विमानातून त्सांगधारला टाकायचं, त्यातलं बरंच दरीत जायचं. माणसागणिक पन्नासेक गोळ्या, थ्री-नॉट-थ्री रायफल, अंगावर सुती कपडे. १० ऑक्टोबरला त्सेंग जोंगला ९ पंजाबची चकमक झाली, कौलांनी ती डोळ्यांनी पाहिली आणि ते दिल्लीला निघाले. परत आले ते आजारीच, उंचीवर छातीला त्रास झाला होता, त्यांना पुन्हा दिल्लीला नेलं. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला तेव्हा कोअर कमांडर दिल्लीत अंथरुणावर होता. २४ ला हरबख्श सिंग कोअर सांभाळायला आले, त्यांनी जरा घडी बसवायला घेतली तोवर चार-पाच दिवसांत कौल परत. एका महिन्यात कमांडर आले, गेले, बदलले, परत आले, खाली ४ डिव्हिजनचा कमांडरही मधेच बदलला. जवानांच्या शौर्यावर तू आठ पानं लिहिलीयेस, या खांदेपालटावर अर्धं पान. हे उलट कर म्हणत नाही, पण दोन पानं तरी दे, कारण से लाला जे झालं ते याच्याशिवाय समजत नाही.

से ला म्हणजे पावणेचौदा हजार फुटांची खिंड, नुसती बसून राखली तरी समोरून घेणं महाकठीण. तिथं ६२ ब्रिगेड होती, तोफा होत्या, साठाही होता. चिन्यांनी ती समोरून घ्यायचा हट्टच धरला नाही, बेलीच्या जुन्या पायवाटेनं, जी वाट १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड या दोघांनी तुडवली होती, तिनं वळसा घालून थेंबांगकडं उतरले आणि दिरांग-बोमडिला रस्ता कापला. रस्ता कापला म्हटल्यावर वर बसलेली ब्रिगेड मनातून हलली, डिव्हिजन हलली, तेजपुरातून हुकूम काय येतायत ते कुणाला धड कळेना, राहा का या. १७ नोव्हेंबरच्या रात्री से ला सोडायला सुरुवात झाली, १८ ला दिरांग गेलं, पाठोपाठ बोमडिला. ब्रिगेडियर होशियार सिंग त्या माघारीत मारले गेले. आपली फौज एका रस्त्याला बांधलेली होती आणि समोरच्याची पायवाटेनं चालत होती, एवढंच त्याचं सार आहे असं मला वाटतं, आणि पुढची नऊ वर्षं फोर कोअरनं जे केलं ते सगळं या एका अनुभवातून आलंय.

वालोंग तू दोन ओळींत संपवलंयस. ते नको. नेफाच्या दुसऱ्या टोकाला, लोहितच्या खोऱ्यात, ११ ब्रिगेडनं दिवसेंदिवस झुंज दिली, कुमाऊं, शीख, गोरखा, डोगरा सगळे होते, १६ नोव्हेंबरला ते पडलं पण लढून पडलं, आणि तिथल्या पलटणींनी उलटा हल्लाही केला. तीच कोअर, तीच साधनं, आणि निकाल वेगळ्या जातीचा. तुलना करायला आयती जागा आहे.

आता थोरात. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे, यांना तू तळटीपेत टाकलंयस! त्यांना वर आण. १९५७ ते ६१ ईस्टर्न कमांड त्यांच्याकडं होती. त्यांनी १९५९ मध्येच लष्करी मुख्यालयाला लिहून कळवलं होतं की चिनी आले तर नेफात काय होईल, आणि मार्च १९६० मध्ये लखनौला लाल किला नावाचा युद्धसराव घेऊन सगळ्यांच्या समोर मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सीमेवर ठाणी ठेवा पण ती नजर ठेवण्यापुरती, खरी लढाई मागं बोमडिलाच्या पट्ट्यात करा, जिथं आपला रस्ता पोचतो आणि समोरच्याला मात्र सगळं पाठीवर वाहून आणावं लागतं. आणि तेवढ्यासाठीसुद्धा फौज वाढवून मागितली होती. ती मिळाली नाही, पुढं तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्या यांची शिफारस असून थोरातांना लष्करप्रमुखपदही मिळालं नाही, ते १९६१ मध्ये निवृत्त झाले. आपल्याकडं हा भाग नेहमी मराठी माणसावर अन्याय झाला या सुरात सांगितला जातो. तसा सांगू नकोस. थोरातांचा कागद महत्त्वाचा आहे तो ते मराठी होते म्हणून नाही, तर त्यात रसद आधी आणि अभिमान नंतर असा क्रम आहे म्हणून. उमराव सिंगांनी दोन वर्षांनी विचारलेले प्रश्न तेच होते. हा धागा पकडलास की कौल आपोआप त्यांच्या जागी, त्यांच्या मापात दिसतील.

२१ नोव्हेंबरला चिन्यांनी एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तेव्हा तेजपूर रिकामं झालं होतं. त्याच दिवसांत यशवंतराव मुंबईहून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपल्या आजोबांच्या पिढीनं इतक्या वेळा म्हटलंय की त्याच्या आतलं काम दिसेनासं झालंय. तू काम दाखव. २ सप्टेंबर १९६३ ला संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी लोकसभेत जे निवेदन केलं ते मिळव, मिळतं, आणि शांतपणे वाच. ट्रेनिंग, साधनसामग्री, कमांडची पद्धत, जवानांची शारीरिक तयारी, प्रत्येक थरावरच्या कमांडरांची कुवत, एकेक मुद्दा घेऊन कुठं कमी पडलो ते संसदेत उभं राहून सांगितलंय. डोंगरात लढायचं ट्रेनिंग आपल्या फौजेला पुरेसं नव्हतं हे त्यात आहे. ज्या चौकशीवर ते आधारलेलं होतं ती हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली, तो अहवाल सरकारनं अजूनही अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, २०१४ मध्ये त्याचा काही भाग बाहेर आला. यातले भगत आमचे, म्हणजे बॉम्बे सॅपर्सचे, लष्करातल्या इंजिनिअर लोकांचे, खडकीचे. १९४१ मध्ये ॲबिसिनियात सलग चार दिवस रस्त्यावरचे सुरुंग काढत पुढं गेले, त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस. रस्ता मोकळा नसेल तर मागची फौज कशी अडकते हे त्या माणसानं स्वतःच्या हातांनी बघितलं होतं, आणि सरकारनं चौकशीला नेमका तो माणूस दिला. मला याचा आजही अभिमान वाटतो.

आता मधली नऊ वर्षं. कौल गेल्यावर कोअर सॅम माणेकशांकडं आली. त्यांचं ते प्रसिद्ध फर्मान, लेखी हुकमाशिवाय माघार नाही आणि तो हुकूम मिळणार नाही, ते तू टाकलंयसच, राहू दे. पण एका वाक्यानं कोअर उभी राहत नाही. कोअर उभी राहिली ती १९६४ च्या पंचवार्षिक संरक्षण योजनेनं, सव्वाआठ लाखांची फौज, आणि त्यात दहा माउंटन डिव्हिजन. माउंटन डिव्हिजन म्हणजे नाव बदललेली साधी डिव्हिजन नव्हे हे नीट लिही. तोफा हलक्या, खेचरांवर सुटी करून नेता येतील अशा, गाड्या कमी, खेचरं आणि माणसाची पाठ जास्त, वायरलेस उचलून नेण्याजोगा. ४ डिव्हिजन जी चूक पोटात घेऊन आली होती, मैदानाची घडण डोंगरात आणण्याची, ती आता घडणीतच दुरुस्त केली.

दुसरं म्हणजे फुफ्फुस. हसू नकोस, हा इतिहासच आहे. मैदानातून उचलून एकदम चौदा हजार फुटांवर टाकलेला माणूस गोळी न लागता मरू शकतो, फुफ्फुसात पाणी होतं, हे बासष्टनं दाखवलं. त्यानंतर आपल्या लष्करी डॉक्टरांनी यावर जे काम केलं ते जगानं वापरलं, इंदर सिंग आणि सहकाऱ्यांचा १९६९ चा अभ्यास एक हजार नऊशे पंचवीस जवानांवरचा आहे, उंचीच्या आजारावर काम करणारे डॉक्टर आजही त्याचा दाखला देतात. त्यातूनच मग ते टप्पे आले, नऊ हजारांवर सहा दिवस, बारा हजारांवर चार, पंधरा हजारांच्या वर जाताना आणखी चार, आणि घाई असली तरी ते टाळायचे नाहीत. एएफएमसी, लष्कराचं मेडिकल कॉलेज, तुझ्या होस्टेलपासून किती लांब आहे? तिथं जा, प्राध्यापकांना भेट, सांग की मला लढाईचं नाही, श्वासाचं प्रकरण लिहायचंय. ते खूश होतील.

तिसरा रस्ता, आणि इथं मी जरा रेंगाळणार. सीमा सडक संघटना ७ मे १९६० ला सुरू झाली, आणि तिची पहिलीच कामं ज्या दोन ठिकाणी निघाली त्यातलं एक तेजपूर, प्रोजेक्ट टस्कर, १९६३ मध्ये त्याचं नाव वर्तक झालं. लोकांना वाटतं रस्ता एकदा केला की झाला. मी त्या रस्त्यावर काम केलंय म्हणून सांगतो, पायथ्यापासून तवांगपर्यंतचा तो रस्ता दरवर्षी नव्यानं करावा लागायचा. पाऊस सुरू झाला की डोंगर खाली यायला लागतो, नुसती माती नाही, झाडं, दगड, वरचं सगळं चिखल होऊन येतं, डोझरवाला पुढून ढकलतोय आणि वर एक माणूस शिट्टी घेऊन उभा, दगड सुटला की शिट्टी, की सगळे भिंतीला. मागं कॉन्व्हॉय थांबलेला, शक्तिमान गाड्यांची रांग, वळण इतकं आवळ की एका दमात घेताच यायचं नाही, अर्धं वळवायचं, रिव्हर्स घ्यायचा, मागचं चाक दरीच्या काठावर, खाली सहकारी दगड घेऊन उभा चाकाला लावायला, मग परत पुढं. से लाला बर्फ पडलं की इंजिन गारठायचं, सकाळी गाडी सुरू करायची म्हणजे अर्ध्या तासाचा कार्यक्रम. आणि हे सगळं का, तर वरच्या पोस्टवर रॉकेल, पीठ, बटाटे, टपाल आणि तोफेचे गोळे बर्फाआधी पोचावेत म्हणून. त्याला आम्ही विंटर स्टॉकिंग म्हणायचो, उन्हाळा-पावसाळा त्यातच जायचा. कोअरच्या लढाऊ डायऱ्यांत हे नसतं, पण या रस्त्यावर मेलेल्या मजुरांचे आणि जवानांचे छोटे छोटे दगड जागोजाग दिसतात, नाव, नंबर, तारीख. फोर कोअरच्या इतिहासात त्यांना एक प्रकरण पाहिजे. स्थानिक मोनपा लोकांनाही पाहिजे, ओझी त्यांनीही वाहिली, वाटा त्यांच्याच होत्या.

एवढं झालं की तुझं एकाहत्तर वेगळं दिसायला लागेल. बघ, डिसेंबरच का, कारण खिंडी बर्फानं बंद, चीन सहज उतरू शकत नाही, म्हणून डोंगरातली फौज खाली काढता येते. फोर कोअरचं मुख्यालय तेजपूर सोडून त्रिपुरात तेलियामुऱ्याला आलं, खाली ८, २३ आणि ५७ या तीन माउंटन डिव्हिजन. म्हणजे डोंगरासाठी घडवलेली फौज नद्यांच्या देशात. सॅपर म्हणून मला पहिला प्रश्न पडतो पुलाचा, माउंटन डिव्हिजनकडं मोठ्या नदीचं पूल सामान नसतं, जड तोफा नसतात, ते सगळं बाहेरून जोडावं लागलं, आणि त्रिपुराकडं येणारा रस्ता म्हणजे एकच अरुंद पट्टी आणि धर्मनगरपर्यंतची मीटरगेज रेल्वे. त्या पट्टीवरून हजारो टन सामान महिनोन्महिने आधी आणून ठेवलं. बासष्टला सोळा दिवस मिळाले होते, इथं उन्हाळ्यापासून तयारी, आणि ती तयारी होईपर्यंत लढाई नाही असं सरकारला सांगणारा लष्करप्रमुख कोण, तर माणेकशा, ज्यांनी बासष्टनंतर हीच कोअर हातात घेतली होती. हे तू कुठंच जोडलेलं नाहीस. जोड.

कोअर कमांडर सगत सिंग. यांच्यावर मात्र मनसोक्त लिही. डिसेंबर १९६१ मध्ये ५० पॅरा ब्रिगेड घेऊन पणजीत शिरले ते हेच, गोव्याची गोष्ट आपल्या वाचकाला जवळची आहे. १९६७ च्या सप्टेंबरात सिक्कीममध्ये नाथू लाला १७ माउंटन डिव्हिजन त्यांच्याकडं होती, चिनी तोफखान्याला तोफखान्यानं उत्तर दिलं, खिंड सोडली नाही. ती लढाई फोर कोअरची नाही, ३३ कोअरची, हे विसरू नकोस, तुझ्या पानात ती सरमिसळ झालीये. पण चिन्यांसमोर हलायचं नाही हा आत्मविश्वास घेऊन माणूस फोर कोअरला आला हे महत्त्वाचं. मग मेघना. भैरब बाजारचा रेल्वे पूल पाकिस्तान्यांनी उडवला, समोर ती अफाट नदी. से लाला चिन्यांनी जे केलं, रस्ता तुमचा ना, ठेवा, आम्ही वळसा घालतो, तेच इथं सगत सिंगांनी केलं, फक्त वळसा हवेतून. ७ डिसेंबरला सिल्हेटला ४/५ गोरखा ही पलटण हेलिकॉप्टरनं उतरवून अंदाज आला होता, ९ तारखेपासून डझनभर एमआय-४ हेलिकॉप्टरं घेऊन ग्रुप कॅप्टन चंदन सिंगांच्या वैमानिकांनी ३११ ब्रिगेडला फेऱ्यांवर फेऱ्या मारून पलीकडं रायपुऱ्याला नेलं, रात्रीसुद्धा, खाली टॉर्च लावून. सोबत गावकऱ्यांच्या होड्या. सगत सिंग स्वतः जागा बघायला गेले तेव्हा त्यांच्या हेलिकॉप्टरवर गोळ्या लागल्या. बासष्टचा कोअर कमांडर दिल्लीत, एकाहत्तरचा नदीवर. नुसतं एवढं लिहून पुढं जा, टीकाटिप्पणी नको.

त्यानंतर मी एकदम १९८६ वर जाईन. मधलं थोडक्यात घे, आसामात १९९० पासूनचं उल्फाविरुद्धचं ऑपरेशन बजरंग आणि ऱ्हायनोही थोडक्यात, ते महत्त्वाचं आहे पण तो वेगळ्या प्रबंधाचा विषय. १९८६ ला सुमदोरोंग चूच्या खोऱ्यात वांगडुंगला चिनी येऊन बसले. नकाशा काढ, नामका चूच्या अगदी शेजारी. तीच दरी, तेच दोघे, तीच कोअर. या वेळी ऑक्टोबरात झेमिथांगला ब्रिगेड हेलिकॉप्टरांनी उचलून टाकली आणि फौज ओढ्याकाठी नाही बसवली, हाथुंग लाच्या धारेवर चढवली, वरून खालचं सगळं दिसेल अशी. गोळी न झाडता तो पेच सुटत गेला, १९९५ मध्ये दोन्हीकडच्या चौक्या मागं घ्यायचं ठरलं. या प्रसंगाला तू अर्धं पान दिलंयस कारण त्यात कुणी मेलं नाही. मी तुझ्या जागी असतो तर वीस पानं दिली असती, कारण फोर कोअर काय शिकली याचा पुरावा त्या धारेवर आहे.

काही बारीकसारीक सांगायचंय. नुरानांगचं जसवंत सिंग रावतांचं प्रकरण तू जसं ऐकलंस तसं उतरवलंयस. महावीर चक्र, ४ गढवालची लढाई, १७ नोव्हेंबर, पलटणीला मिळालेला नुरानांगचा युद्धसन्मान, हे कागदावर आहे. ते अजून पहाऱ्यावर आहेत, त्यांचं अंथरूण रोज घातलं जातं, ही तिथल्या जवानांची श्रद्धा आहे, मी स्वतः तिथं गाडी थांबवून सॅल्यूट केल्याशिवाय कधी पुढं गेलो नाही. दोन्ही लिही, पण वेगवेगळ्या परिच्छेदात. सुभेदार जोगिंदर सिंगांचं परमवीर चक्र २३ ऑक्टोबरच्या लढाईचं आहे, तुझ्या पानात ते नोव्हेंबरात गेलंय.

"गौरवशाली", "देदीप्यमान" असले शब्द सगळे काढ. आणि बासष्टला "लाजिरवाणा" म्हणणंही काढ, ज्याच्याकडं पन्नास गोळ्या होत्या आणि त्या संपेपर्यंत जो उभा राहिला त्याच्या लाजेचं काय घेऊन बसलीस, लाज कुणाची ती कागद सांगतील.

माणसांना भेटशील तेव्हा कसं वाटलं होतं असं विचारू नकोस. त्यांना हे हजार वेळा विचारलेलं असतं आणि उत्तर पाठ असतं. बूट कुठले होते विचार, चहा कशावर करायचे, पत्र किती दिवसांनी यायचं, वर जाताना रात्री कुठं थांबायचे. पाच मिनिटांत माणूस तिथं जाऊन पोचतो. खडकीत, वानवडीत, घोरपडीत असे बरेच जण आहेत, सत्तरी-ऐंशी ओलांडलेले, काहींना ऐकू कमी येतं, पण तारखा तोंडपाठ. मी दोघांशी बोलून ठेवलंय, एक जण एकाहत्तरला त्रिपुरात पुलाच्या सामानावर होते, सकाळी अकराच्या आत जा, दुपारी ते झोपतात. वीरपत्नींना भेटायचं असेल तर आधी फोन कर, एकटी जाऊ नकोस, तुझ्या काकूला घेऊन जा, त्यांचं आपसांत बोलणं सुरू झालं की तू फक्त ऐक, मोबाइल रेकॉर्डिंगला विचारल्याशिवाय लावू नकोस. आणि केसरीचे बासष्टचे जुने अंक बघ, पुण्यात बसलेल्या माणसाला तेव्हा काय कळत होतं आणि किती उशिरा, हे त्याशिवाय समजणार नाही. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागानं तयार केलेला बासष्टचा अधिकृत इतिहासही नेटवर मिळतो, त्यातले नकाशे मोठे प्रिंट करून घे, अप्पा बळवंत चौकात ए-थ्रीवर करून देतात.

गाइडनं तुला विषय लहान कर म्हणून सांगितलंय असं तू लिहिलंयस. बरोबर आहे त्यांचं. मग असं कर, १९६२ ते १९७१ एवढंच घे, आणि १९८६ हे शेवटचं प्रकरण ठेव. बासष्टची तीस पानं बारावर आण. कौलांचं पहिलं वाक्य काढून तिथं उमराव सिंगांचे प्रश्न घाल. रस्त्याचं प्रकरण लिहिताना अडलीस तर सरळ घरी ये, माझ्याकडं त्या काळच्या वह्या आहेत, अक्षर वाईट आहे, मी वाचून दाखवीन, तू टाइप कर. या महिन्याअखेर नवं पहिलं प्रकरण पाठव, अर्धवट असलं तरी पाठव.

तुझा,
काका